मापाचा दांडा

‘क्लब’ म्हटले की आमच्या मुक्ताईनगरात लोकांच्या डोळ्यांपुढे पत्त्यांचा डाव येतो. एखाद्या सभ्य गृहस्थाने बसस्टँडवर उभे राहून ‘मी क्लब घ्यावा म्हणतो’ असे जाहीर केले, तर संध्याकाळच्या आत त्याच्या सासुरवाडीला फोन जाईल. म्हणून आधीच सांगून टाकतो, या लेखातला क्लब म्हणजे गोल्फ खेळायचा दांडा. खाली धातूचे डोके, वर रबराची मूठ आणि मधे पोलादाची नाही तर कार्बनच्या धाग्यांची बारीक पोकळ नळी. असे जास्तीत जास्त चौदा दांडे पिशवीत बाळगता येतात. अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये १९३९ साली हा चौदाचा नियम झाला. त्याआधी हौशी श्रीमंत वीस-पंचवीस दांडे घेऊन निघत. ते वाहणाऱ्या पोराच्या खांद्याचा विचार कुणी करीत नसे.

हे दांडे दुकानात तयार मिळतात, आणि शिंपी सदरा बेततो तसे अंगाच्या मापाने बेतूनही मिळतात. प्रश्न असा, की जो माणूस पोटासाठी खेळत नाही, बक्षिसासाठी खेळत नाही, केवळ हौसेने रविवारी सकाळी खेळतो, त्याने मापाचे दांडे करवून घ्यावेत काय?

केळीच्या मुलखात हा प्रश्न उपटला कुठून, असे वाचकांना वाटेल. वाजवी आहे. आमच्याकडे तापी-पूर्णेचा संगम आहे, चांगदेवाचे देऊळ आहे, कोथळीला मुक्ताबाई आहे, हतनूर धरणाच्या फुगवट्याला लागून केळीच्या बागा आहेत. गोल्फचे मैदान नाही. पण मुक्ताईनगरला अजून एदलाबाद म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांची नातवंडे आज पुण्यात, बंगळूरला, अमेरिकेत आहेत आणि तिथे ती काय काय खेळतात याला धरबंध नाही. भाऊबंदकीतला माझा एक पुतण्या पुण्याला संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. वय चव्वेचाळीस. वडील अजून केळी लावतात. कंपनीतल्या साहेबलोकांच्या संगतीने दोन वर्षांपूर्वी त्याने गोल्फ धरला. आता दुकानदार सांगतो, तुमचे सध्याचे दांडे तुमच्या अंगाचे नाहीत, मापाचा संच घ्या, खेळ सुधारेल. किंमत सव्वादोन लाख. ‘काका, घेऊ का?’

मला गोल्फ कळतो म्हणून त्याने विचारलेले नाही. माझी नोकरी बँकेत गेली आणि कर्जाच्या अर्जावर ‘नाही’ लिहिण्याचा मला सराव आहे, एवढीच माझी लायकी. घरात कुणाचा तरी नकार घेऊन ठेवला म्हणजे खरेदी करताना जरा बरे वाटते, असाही एक प्रकार असतो. पण ‘नाही’ लिहिण्याआधी कागद वाचायचे असतात. तेव्हा हे प्रकरण मी वाचले, आणि वाचता वाचता ते गोल्फपेक्षा बरेच मोठे निघाले.

माप घेतात म्हणजे काय करतात, ते आधी पाहू. खेळणारा बूट घालून सरळ उभा राहतो, हात बाजूला सैल सोडतो आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजतात. उंची आणि हे अंतर यांवरून दांड्याची लांबी ठरते. दोन माणसे उंचीने सारखी असली तरी एकाचे हात गुडघ्याकडे पोचतात, दुसऱ्याचे खिशापाशीच संपतात. म्हणून नुसती उंची पुरत नाही. मग येतो कोन. दांडा डोक्याला ज्या कोनात जोडलेला असतो तो असा हवा, की चेंडूपाशी डोके आले तेव्हा त्याचा तळ जमिनीला सपाट बसेल. या डोक्याच्या दोन टोकांना खेळाडू टाच आणि चवडा असेच म्हणतात. चवडा वर राहिला तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो, टाच उचलली गेली तर उजवीकडे. खेळणारा बिचारा आपल्या मनगटाला दोष देत बसतो. त्यानंतर मुठीची जाडी: पंजा लहान आणि मूठ जाड असली की बोटे पुरती वळत नाहीत. आणि शेवटी दांड्याचा ताठपणा. जोरात फिरवणाऱ्याला ताठ दांडा लागतो, सावकाश फिरवणाऱ्याला लवचिक. साठीतले गृहस्थ दुकानात जाऊन ताठ दांडाच मागतात असे पुतण्या म्हणाला. मला यात काही नवल वाटले नाही.

यासाठी आता यंत्रेही आहेत. डेन्मार्कच्या ट्रॅकमन कंपनीसारख्यांची राडारे फटक्याचा वेग, चेंडूची गिरकी, उड्डाणाचा कोन सगळे पडद्यावर दाखवतात. पण मुळात जे चालले आहे ते आपल्या गावातल्या म्हाताऱ्या सुताराला सांगितले तर तो म्हणेल, यात नवे काय? नांगराचे रुमणे बसवताना तो नांगर धरणाऱ्या गड्यालाच समोर उभे करी. मूठ कमरेच्या कोणत्या ठिकाणी येते ते पाही. रुमणे आखूड पडले तर दिवसभर वाकून माणसाची पाठ जाते, लांब झाले तर जोर लागत नाही आणि फाळ जमिनीवरून घसरतो. बाप-लेक उंचीने वेगळे असतील तर रुमणेही बदलत असे. गोल्फच्या दुकानात जे काम वातानुकूलित खोलीत होते, ते बलुतेदारीत पायलीभर ज्वारीच्या हिशेबात होत होते.

तुलना ओढूनताणून केलेली वाटत असेल तर ज्या माणसाने हे माप गोल्फमध्ये रुजवले त्याची हकीकत ऐका. कार्स्टन सोलहाइम १९११ साली नॉर्वेत बर्गेनला जन्मला. बाप चांभारकाम करणारा. कुटुंब अमेरिकेत सिएटलला गेले. मुलगा इंजिनिअरिंगच्या कॉलेजात दाखल झाला, पण मंदीच्या दिवसांत एका वर्षात पैसे संपले आणि तोही जोडे दुरुस्त करायला बसला. पुढे इंजिनिअर झाला, जनरल इलेक्ट्रिक कंपनीत लागला, आणि बेचाळिसाव्या वर्षी सहकाऱ्यांच्या आग्रहाने त्याने पहिल्यांदा गोल्फ खेळून पाहिला. म्हणजे वयाने साधारण आमच्या पुतण्याएवढाच. चेंडू भोकात ढकलायचा जो लहान दांडा असतो, पटर, तो त्याला नीट चालेना. या माणसाने दोष स्वतःच्या हातावर ढकलला नाही. दांड्याच्या वजनाची मांडणीच चुकीची आहे असे ठरवून त्याने १९५९ साली आपल्या गॅरेजमध्ये नवा पटर बनवला. चेंडूला लागला की ‘पिंग’ असा आवाज होई, म्हणून कंपनीचे नाव पिंग. १९६७ साली त्याने नोकरी सोडली. १९७२ साली त्याच्या कंपनीने दांड्याच्या कोनासाठी रंगांची खूण काढली: लोखंडी डोक्यावर एक ठिपका, ज्याच्या अंगाला जो कोन लागतो त्या रंगाचा. जोडे शिवणाऱ्याला पावलापावलातला फरक शिकवावा लागत नाही. एकाच मापाचा जोडा सगळ्या गावाला घालता येत नाही, हे ज्याच्या हातांना ठाऊक होते त्यानेच टाच-चवड्याचा हा खेळ मापात आणला, ही गोष्ट मला त्या राडारापेक्षा अधिक पटते.

दुकानात तयार मिळणारा संच मग कुणाच्या मापाचा असतो? उत्तर येते, सरासरी माणसाच्या. हा सरासरी माणूस कोण, याचा शोध अमेरिकेच्या हवाई दलाने एकदा घेतला आहे. विमानचालकाची बैठक सरासरी मापाची बांधलेली होती आणि अपघात होत होते. १९५० साली गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने ४,०६३ वैमानिकांची मापे तपासली. उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापे घेतली आणि दहाच्या दहा मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती ते पाहिले. ‘आसपास’ची व्याख्याही त्याने सढळ ठेवली होती. उत्तर निघाले शून्य. चार हजारांत एकही नाही. सरासरीसाठी बांधलेली बैठक कुणासाठीच नव्हती. तेव्हापासून बैठका मागेपुढे सरकू लागल्या. आज आपल्या मोटारीची सीट सरकते त्यामागे तीच समजूत आहे.

आपल्याकडचा साडेपाच फुटी माणूस परदेशी साच्यातला दांडा धरतो तेव्हा बहुधा दांड्याचा चवडा वर आणि माणसाची पाठ वाकलेली असते. तेव्हा मापाचे दांडे ही निव्वळ दुकानदाराची भूल आहे, असे मी म्हणणार नाही. अंगाला न बसणारे हत्यार माणसाला वाकडे वळण लावते. वळण एकदा लागले की मास्तर कितीही चांगला मिळो, ते सुटत नाही.

याचा दाखला गोल्फमधून देण्याची गरज नाही. सचिन तेंडुलकरने स्वतःच सांगितले आहे, की लहानपणी तो थोरल्या भावाची, अजितची, पूर्ण आकाराची बॅट घेऊन खेळे. ती जड होती म्हणून ती पेलायला मूठ खाली, पात्याच्या जवळ, धरावी लागे. पुढे आचरेकर सरांनी मूठ बदलून पाहायला सांगितले. त्याला ते जमेना, आणि ती खालची मूठ जन्मभर राहिली. आपण म्हणतो, बघा, मापाच्या बॅटीवाचून काही अडले का? अडले नाही, कारण तो सचिन होता. थोरल्या भावाची बॅट धरून ज्यांचे खांदे उतरले आणि खेळ सुटला, त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. गल्लीगल्लीत ती मुले होती. आमच्याकडे तर घरात एक बॅट आणि भाऊ चार, त्यामुळे बॅट नेहमी थोरल्याच्या मापाची आणि फलंदाजी धाकट्याच्या वाट्याला अंधार पडल्यावर.

पण गोल्फमध्येही असे सचिन आहेत आणि मापाविरुद्ध बोलणारे त्यांचीच नावे घेतात. स्पेनचा सेव्ह बायेस्तेरॉस समुद्रकाठच्या वाळूत एकाच जुन्या तीन नंबरी लोखंडी दांड्यावर शिकला. पुढे ब्रिटिश ओपन तीनदा आणि मास्टर्स दोनदा जिंकला. दिल्लीच्या मैदानावर दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणारा अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय ठरला, आणि १९९३ साली पुन्हा जिंकला. कोलकात्याचा चौरासिया हा रॉयल कलकत्ता क्लबात गवत राखणाऱ्याचा मुलगा. बघून बघून शिकला, आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन घेऊन गेला. यांना कुणी मनगटापासून जमिनीपर्यंत मोजले होते?

मला या यादीपेक्षा चेंबूरची मुले अधिक महत्त्वाची वाटतात. चेंबूरला १९२७ सालापासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. हिरवळ, झाडे, वाऱ्याची झुळूक. आणि लगत वस्ती. वस्तीतली माणसे मैदानावर पिशव्या वाहायला जातात. पिशवीतल्या एकेका दांड्याची किंमत त्यांच्या महिन्याच्या मिळकतीच्या तोडीची असते. या मंडळींनी आपल्या गल्लीबोळांत आपला गोल्फ सुरू केला. बांधकामाची लोखंडी सळई घ्यायची, तापवून खालचे टोक ठोकून वाकवायचे, मुठीला रबर चढवायचे, प्लॅस्टिकचा चेंडू. दोन झोपड्यांमधल्या फटीतून, पत्र्यावरून, गटाराच्या पलीकडे मारायचा. वर्तमानपत्रांनी त्याला ‘स्लम गोल्फ’ असे नाव दिले, फोटो छापले, परदेशी वाहिन्या येऊन गेल्या. बहुतेकांनी लिहिले, की बघा, महागड्या साधनांवाचून खेळता येते.

मला त्या सळईत उलटेच दिसते. सळई कापणारा ती किती कापतो? आपल्या उंचीएवढी. वाकवतो कोणत्या कोनात? आपण उभे राहिलो की टोक जमिनीला सपाट लागेल, त्या कोनात. नाही लागले तर पुन्हा तापवतो. म्हणजे लांबी, कोन आणि मूठ, मापाच्या संचातल्या या तिन्ही गोष्टी त्याने भंगारात केल्या. कुंपणाच्या आतले साहेब तयार संच घेऊन वाकून खेळत असतात आणि कुंपणाबाहेरचा पोरगा मापाच्या दांड्याने खेळतो, असेही रविवारी सकाळी घडत असेल. त्याला मैदान मिळत नाही हा वेगळा, आणि मोठा, अन्याय आहे.

आता हिशेबाकडे येऊ.

कर्जाचा अर्ज आला की आम्ही पाहत असू: वस्तू वापरली किती जाणार, आणि गरज पडली तर विकून येणार किती. मापाच्या वस्तूची दुसऱ्या प्रश्नावर पंचाईत होते. तुमच्या अंगावर बेतलेला सदरा दुसऱ्याच्या अंगाला येत नाही. सव्वादोन लाखांचा संच तुमच्या मनगटाला बसतो, म्हणूनच तो बाजारात पडून राहतो. वापराचे म्हणाल तर वर्षाला फार तर चाळीस रविवार, सुट्ट्या-लग्ने-आजारपणे वजा जाता. आणि त्यातही एक गंमत आहे. अठरा भोकांच्या बहुतेक मोठ्या मैदानांवर चांगल्या खेळाडूने बहात्तर फटक्यांत खेळ संपवावा अशी अपेक्षा असते. त्यात प्रत्येक भोकापाशी पटरचे दोन, म्हणजे छत्तीस फटके धरलेले असतात. निम्मा खेळ त्या एका लहानशा दांड्यावर! संच विकणारा मात्र राडारापुढे तुमच्याकडून लांब पल्ल्याचा मोठा दांडा फिरवून घेतो, कारण पडद्यावर तोच छान दिसतो. सोलहाइमने सुरुवात पटरपासून केली होती, हे तो सांगत नाही.

दुसरी अडचण अशी, की माप घेणारा आणि माल विकणारा एकच. जमीन तारण घेताना मूल्यमापन करणाऱ्याची फी कर्जदाराच्या खिशातून जाते तेव्हा जमिनीचा भाव कसा चढतो, ते बँकेत बसलेल्या माणसाला सांगायला नको. खोटे कुणी बोलत नाही. पण ‘तुमच्या अंगाला तयार संचच ठीक बसतो, घरी जा’ असे सांगून दुकानदाराने गिऱ्हाईक परत पाठवल्याचे पुतण्याच्या ऐकिवात नाही.

आणि तिसरी, मला वाटते खरी. माणसाची काही मापे ठरलेली असतात, काही बदलती. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाची उंची, हाताची लांबी, पंजा आता वाढायचा नाही. पण त्याचा फटका? दोन वर्षांच्या शिकाऊ माणसाचा फटका दर महिन्याला वेगळा. आज तो खांद्याने मारतो, मास्तरने सांगितले की कमरेने मारील, वेग बदलेल, चेंडूची गिरकी बदलेल. राडाराने आज जे मोजले ते सहा महिन्यांनी त्याचे नसेल. वाढत्या पोराचा सदरा आपण दोन बोटे ढगळ शिवतो, त्याच्या आजच्या अंगाला चापून बसवत नाही. ताठपणा, वजनाची मांडणी, डोक्याचा प्रकार या गोष्टी बदलत्या मापाच्या. आणि किमतीचा मोठा भाग त्यांतच असतो. लांबी, कोन आणि मूठ या ठरलेल्या मापाच्या. आणि त्या जुन्या संचावरही करून मिळतात. दांडा कापता येतो, थोडा वाढवताही येतो. घडीव पोलादाचे डोके दोन-तीन अंशांनी वाकवून मिळते. ओतीव असेल तर जरा जपून. मुठी तर झिजल्या की बदलाव्याच लागतात. म्हणून त्याला माझे म्हणणे असे: वापरलेला बरा संच घे, या तीन गोष्टी आपल्या मापाच्या करून घे, पटर नीट निवड, आणि उरलेल्यातले काही मास्तरला दे. दोन वर्षांनी फटका ठरला आणि तरीही खेळावेसे वाटले, तर राडारासमोर जा.

आमच्याकडे आषाढीसाठी मुक्ताबाईची पालखी पंढरपूरला निघते. महिनाभराची पायी वाट. वारीला निघणारा माणूस नवी चप्पल घालत नाही. कितीही मापाची असो, ती आधी पायाला रुळायला हवी आणि पायही तिला रुळायला हवा. दांड्याचेही तसेच असावे. हत्यार माणसाकडे सरकते, थोडा माणूस हत्याराकडे सरकतो. नुसते माप घेऊन हे दुसरे सरकणे विकत मिळत नाही.

इथे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण पुतण्याशी बोलता बोलता त्याच्या आईचा विषय निघाला. वहिनी हल्ली त्याच्याकडे पुण्याला असतात. उंची चार फूट दहा इंच. त्याच्या फ्लॅटमधला स्वयंपाकाचा ओटा छत्तीस इंचांचा आहे, बिल्डरने सगळ्या मजल्यांवर एकाच मापाचा टाकलेला. त्यावर गॅसची शेगडी, शेगडीवर कढई. आत काय शिजते ते पाहायला वहिनी टाचा उचलतात. पोळ्या लाटताना कोपर खांद्याकडे जाते. उपाय म्हणून त्यांनी गावाकडून पाट नेला आहे, जेवायला बसायचा लाकडी पाट. त्यावर उभ्या राहून स्वयंपाक करतात. उजवा खांदा दुखतो, त्यावर तेल लावतात. घरात याला कुणी अडचण म्हणत नाही. ‘आईचा पाट’ असे कौतुकाने म्हणतात.

चार तासांच्या रविवारासाठी दोन अंशांचा कोन तपासणाऱ्या घरात, रोज चार तास उभे राहण्याच्या जागेचे माप कुणी घेतलेले नाही. हे एका पुतण्याचे घर नाही; तुमचे आमचे सगळ्यांचेच असे आहे. शिलाई मशीनचे स्टूल, धुण्याचा दगड, मोरीतला नळ, सगळे कुणातरी सरासरी माणसाच्या मापाचे, आणि तो सरासरी माणूस बहुधा पुरुष असतो. शेतात पाहा. रुमण्यासाठी सुतार गड्याला समोर उभे करी असे मी वर लिहिले. निंदणीला जाणाऱ्या बाईच्या खुरप्यासाठी तिला कुणी उभे केले? खुरप्याला वीतभर मूठ, आणि बाई दिवसभर उकिडवी. भोपाळला केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी देशभरातल्या शेतमजुरांची, बायांचीही, अंगमापे गोळा केली आणि त्यांवरून अवजारे सुधारली आहेत. उभ्याने चालवायची लांब दांड्याची कोळपी त्यांतून आली. पण आमच्याकडच्या कापसात अजून खुरपेच दिसते. दुकानात गेलेला मालक स्वतःला लागणारी वस्तू निरखून घेतो. खुरपी डझनावर घेतो.

ओट्याचे माप कठीण नाही. वहिनींनी अनवाणी सरळ उभे राहायचे, हात कोपरात काटकोनात वाकवायचा आणि कोपरापासून जमिनीपर्यंत टेप धरायची. चिरण्या-निवडण्यासाठी त्यातून चार ते सहा इंच कमी, पोळी लाटायला जोर लागतो म्हणून आणखी थोडे कमी. वहिनींचे कोपर साडेछत्तीस इंचांवर येते. म्हणजे त्यांना एकतीस-बत्तीस इंचांचा ओटा हवा, लाटायला त्याहून दोन इंच खाली; बिल्डरने दिला छत्तीसचा. सगळा ओटा फोडण्याची गरज नाही. एका बाजूला दोन-अडीच फुटांचा ग्रॅनाइटचा तुकडा खालच्या पातळीवर बसवता येतो, शेगडी ओट्यात उतरवता येते. मी एका मिस्त्रीला विचारले. त्याने सांगितलेला खर्च पुतण्याच्या मोठ्या दांड्याच्या किमतीपेक्षा फार वेगळा नाही.

पुतण्या फोनवर जरा गप्प झाला. मग म्हणाला, ‘आईला विचारतो.’ वहिनी फोनवर आल्या आणि आधी नकोच म्हणाल्या, माझे चाललेय की पाटावर, उगाच फोडाफोड कशाला. मग हळूच विचारले, लाटायची बाजू खिडकीकडे घेता येईल का. उजेड तिकडून येतो.